इंदूताईंचं बोळकं

इंदूताई गेल्याचं मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं. "काकू, आई गेल्या... सकाळी उठल्याच नाहीत," सुजाता म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत लगेच पुढे, "त्यांची कवळी तुमच्याकडे राहिलीय का? लोक यायला लागलेत. तोंड फार वाईट दिसतंय." कवळी माझ्याकडेच होती, पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली. आदल्या दिवशी आम्ही दोघी तांजोंग पगार भागातल्या चित्रांच्या गॅलरीतून परत आलो, तेव्हा त्या ती मागून घ्यायला विसरल्या होत्या. घरचे सगळे बाहेर जेवायला गेलेले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी फोनवर सांगितलं, "नाही बाई, माझ्याकडे नाही." मला किळस आली होती, पण ती काही बोळक्याची नव्हे.

इथे परदेशात, यिशुनमध्ये आमचे ब्लॉक समोरासमोर. त्यांचा महेश आणि माझा मुलगा, दोघेही कंप्युटरवाले. दोघांनीही आयांना नातवंडं सांभाळायला इथे आणलं. नातवंडं शाळेत गेली की आम्ही खाली बाकावर बसायचो. इंदूताई कराडच्या, तोंडाने फटकळ. मला म्हणायच्या, "कमलताई, तुमचे दात अजून जागेवर आहेत, म्हणून तुमची जीभ आत तरी राहते." त्यांची कवळी इथेच बनवलेली, चांगली महागाची, पण ती कधी नीट बसलीच नाही. हिरड्या सोलून निघायच्या. घरात मात्र नियम होता, खोलीबाहेर पाऊल टाकायचं तर दात लावून. एकदा जेवताना त्यांनी कवळी काढून ताटाशेजारी ठेवली, तर सुजाता "शी, आई!" म्हणून स्वतःचं ताट उचलून सोफ्यावर जाऊन बसली. महेश मान खाली घालून जेवत राहिला. तेव्हापासून इंदूताई आपल्या खोलीत भात कालवून, दार लावून जेवायच्या. त्या घराच्या स्वच्छतेचं सगळे कौतुक करतात. मला तिथे पाणी प्यावंसं वाटत नाही.

गॅलरीत आम्ही गेलो ते म्हाताऱ्यांच्या सहलीबरोबर. जुन्या दुकानाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक चिनी चित्रकार लोकांसमोर बसून माणसांची चित्रं काढायचा. ज्याला बसायचंय त्याने समोरच्या खुर्चीत बसायचं. एसी होता, चहा होता, म्हणून इंदूताई बसल्या. थोड्या वेळाने हिरड्या ठणकायला लागल्या. त्यांनी पदराआड कवळी काढली आणि माझ्या हातात कोंबली. मी म्हटलं, "अहो, तो बघतोय." त्या म्हणाल्या, "बघू दे. दात तो शेवटी घालेल." कराडचा फोटोवाला तसंच करायचा. कुणाचे मिटलेले डोळे उघडायचा, कुणाच्या गळ्यात दागिना काढायचा. चित्रकारही तेच करणार, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून त्या निर्धास्त, गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, अशा बसून राहिल्या. येणारे-जाणारे अनोळखी लोक उभे राहून बघत, त्याचं त्यांना काही नाही. पुढे दर शनिवारी आम्ही एमआरटी मेट्रोने जायला लागलो. घरी सांगायचं, भजनाला जातो.

त्या शेवटच्या शनिवारी चित्र पुरं झालं आणि त्याने ते आमच्याकडे वळवलं. इंदूताई बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मेला दात विसरला की!" मी खुणेने त्याला दात दाखवले. तो हसला, ब्रश उचलून म्हणाला, "आंटी वाँट टीथ? कॅन, कॅन." ब्रश रंगात बुडणार, तेवढ्यात इंदूताईंनी त्याचं मनगट धरलं. "थांब रे." त्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर केला... "माझी आई अशीच दिसायची शेवटी," म्हणाल्या. "आणि मी हिला झाकून ठेवलंय होय! असू दे. याला सांगा कमलताई, दात घालायचे नाहीत." मी हात हलवून नो नो केलं. ते त्याला समजलं.

अंत्यविधीला मराठी मंडळाच्या बायका आल्या. हॉलमध्ये सुजाताने गेल्या वर्षीच्या इथल्या एका लग्नातला फोटो लावला होता, त्यात इंदूताईंचे वरचे-खालचे सगळे दात दिसतात. जी ती म्हणत होती, किती हसतमुख होत्या. त्या फोटोच्या वेळी त्यांच्या हिरडीला फोड आला होता, हे मला माहीत आहे.

चित्राची गोष्ट मीच महेशला सांगितली. वाटलं, मुलगा आहे, त्याला हवं असेल. तो ऑफिस सुटल्यावर गॅलरीत आला, मी आधीच जाऊन बसले होते. चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "काकू, ही आई वाटतच नाही." मी म्हटलं, "कशी वाटेल? सहा वर्षं घरात राहून तू तिचं तोंड कुठे बघितलंस?" तो चित्रकाराकडे वळून इंग्रजीत विचारू लागला, थोडे दात, थोडं हसू घालता येईल का. आणि तो चित्रकार, ज्याचं मनगट तिने धरलं होतं, तो म्हणतो, "फॅमिली वाँट, कॅन लाह." इथल्या बोलीत, घरच्यांना हवं तर घालतो. ब्रश शोधायलाही लागला. दोघांचीही मला शिसारी आली.

मी पर्स उघडली आणि रुमाल महेशच्या हातात ठेवला. "दात पाहिजेत ना? हे घे. घरी ने, फोटोखाली मांडून ठेव. तोंड तिचं आहे, ते राहू दे. दात घालू नका असं तिने याच खोलीत सांगितलंय, याला विचार."

त्याने रुमाल उलगडला. शेजारी एक जोडपं चित्रं बघत होतं, ते मागे सरकलं. "तुमच्याकडे होती? सुजाताला तुम्ही नाही म्हणालात..."

"हो. खोटं बोलले. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा बोलले असते."

त्याने चित्रकाराला विचारलं. चित्रकाराने माझ्याकडे पाहिलं, मग आपलं मनगट वर करून दाखवलं आणि म्हणाला, "युअर मदर से नो." महेशने रुमाल बंद केला. "राहू दे मग," म्हणाला आणि चित्र न घेताच निघून गेला. रडलाबिडला नाही. मीही नाही.

चित्र अजून तिथेच आहे. मी अधूनमधून जाऊन समोर बसते. परवा एक मुलगी त्याचा फोटो काढत मैत्रिणीला म्हणाली, "सो पीसफुल, लाह." एवढं इंग्रजी मला कळतं. शांत वगैरे काही नाही. त्या वेळी तिच्या हिरड्या दुखत नव्हत्या, एवढंच.