बोर्डापाशी उभी अक्का

वीज गेली की आमच्याकडे सगळे कंदील शोधायला लागायचे आणि अक्का बोर्डाकडे निघायची. धावायची नाही, ती कशासाठीच कधी धावली नाही. हातातलं काम खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि व्हरांड्यात मीटरखाली भिंतीला पाठ लावून उभी राहायची. डॉक्टर स्वतः येईपर्यंत तिथून हलायची नाही. नव्याने दाखल झालेल्या बायका तिला तशी बघून दचकायच्या. जुन्या सांगायच्या, तिचं तसंच आहे, काही विचारू नका.

कऱ्हाडात आमचं लहानसं प्रसूतिगृह होतं. खाली खाटा, वर आमचं बिऱ्हाड. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. अक्का दुष्काळानंतर माणदेशातून आली आणि आया म्हणून राहिली. सोबत शाळेत जाणारा मुलगा, दत्तू. नवऱ्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, "मालक तारंवर गेलं." माणूस बाजाराला गेला असं सांगावं, तशा आवाजात.

तिचा आवाज सगळ्याला एकच होता. मूल जन्मलं की बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायची, "झालं." एखादं मूल हाती लागलं नाही, तरी तेच. सुरुवातीला मला हे फार टोचायचं. मी एकदा म्हटलंही, अक्का, जरा गोड बोलावं माणसांशी. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसंच सांगितलं. पण मूल गेलेली बाई रात्रभर कण्हत असली की तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची ती अक्काच. बोलायची नाही. नुसती असायची.

मग वीजकपातीची वर्षं आली. बाळंतपणं काही वेळ बघून होत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी साताऱ्याहून जुना जनरेटर आणला. धूर घरात येऊ नये म्हणून परसात पत्र्याची शेड उभी केली. वायरमन आला. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर त्याने करून आणली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये, की सगळं घर उजळतं, असं त्याने सांगितलं. फक्त त्याआधी मेन स्विच बंद करायचा. कुठे कुठे असंच लावलंय, तेही त्याने मोजून दाखवलं. डॉक्टरांना ते स्वस्त आणि सोपं वाटलं.

अक्का तिथेच फरशी पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि खाली बसूनच म्हणाली, "मेन बंद करायचं इसरलं तर?"

डॉक्टर म्हणाले, मी विसरणार नाही.

"त्या बंगल्यातलं बी शानंच हुतं," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं, फडकं पिळत, खाली बघत. एका बागायतदाराच्या बंगल्यात लग्न होतं. लाईनीत बिघाड झाला म्हणून तिच्या लाईनमन नवऱ्याने सबस्टेशनवरून वीज बंद करून घेतली आणि तो खांबावर चढला. इकडे लग्नघरात कर्ण्यासाठी जनरेटर सुरू झाला. वायर प्लगमध्ये होती आणि मेन चालूच राहिला होता. घरातली वीज उलटी बाहेर गेली. ट्रान्सफॉर्मरमधून जाताना ती कितीतरी पटीने वाढली आणि बंद म्हणून धरलेल्या तारेत आली. अक्का त्याचं जेवण घेऊन खांबाखालीच उभी होती.

वायरमनने ती वायर गुंडाळली आणि पिशवीत घातली. हा धोका त्यालाही ठाऊक होता, डॉक्टरांनाही समजत होता. पण समजणं वेगळं आणि समोर बसलेली अक्का वेगळी. चेंजओव्हर स्विच बसवायचं ठरलं. लोखंडी पेटी, तिला एक दांडा. दांडा वर केला की बाहेरची लाईन, खाली केला की जनरेटर, मध्ये ठेवला की काहीच नाही. दोन्ही एका वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. तो कऱ्हाडात मिळेना. सांगलीहून मागवला आणि आम्ही वाट बघत बसलो. नेमकी त्याच दिवसांत एक बाई आली.

शेजारच्या गावातली होती. बाळ झालं, पण रक्त थांबेना. भरदुपारी आभाळ दाटून आलं, वीज गेली आणि खोलीत टाका घालायलाही दिसेना. तिचा नवरा परसात जनरेटरसमोर उभा राहून म्हणत होता, "मशीन दारात हाय न्हवं? मग लावा की." डॉक्टर बाहेर आले. तसली दोन्हीकडे पिनांची कामचलाऊ वायर करायला वेळ लागणार नव्हता. बोर्डापाशी अक्का उभी होती.

"अक्का, बाजूला व्हा. बाई जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "आन् घाईत मेन चालू ऱ्हायला, तर वर कोन चढला आसंल त्यो बी जाईल. त्येला बी बाई आसंल, साहेब."

आवाज चढलेला नव्हता. डॉक्टरांच्या हातांना रक्त होतं आणि ते तसेच उभे होते. मला वाटलं, ते आता तिला ढकलतील. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, घराच्या वायरिंगला हात लावू नका, जनरेटरपासून सरळ वायर खिडकीतून आत घ्या आणि तिला नुसता एक बल्ब लावा. मी वरून शिलाई मशीनच्या दिव्याची लांब वायर आणली. जनरेटर फटफटला. अक्का बोर्डापासून निघाली, तो बल्ब हातात घेऊन टेबलाशी उभी राहिली आणि शेवटचा टाका पडेपर्यंत तिचा हात खाली आला नाही.

बाई वाचली. त्या दुपारी खांबावर कुणी होतं की नव्हतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढे चेंजओव्हर बसला. जनरेटरसाठी परसात मीठ आणि कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला. उन्हाळ्यात तो कोरडा पडू देऊ नका, असं वायरमनने सांगितलं होतं. ते काम अक्काने आपणहून घेतलं. सकाळी तिथे कळशी रिकामी करायची आणि मगच चहाला बसायची. दांडा मात्र तिने कधी ओढला नाही. डॉक्टर तो मध्ये आणायचे, इंजिन सुरू व्हायचं, मग खाली करायचे. ती बघायची आणि कामाला जायची.

दत्तू मोठा झाला तेव्हा बापाच्या जागेवर त्याला नोकरी मिळाली. तारेवरचीच, सांगलीत. मी तिला म्हटलं, नको म्हणा. कुपवाडला कारखाने आहेत, डॉक्टर कुणाला तरी सांगतील.

"त्येला तारच आवडती," ती म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

तिने धुतलेली दुपटी घडी करायला घेतली. दत्तूबरोबर राहायला ती सांगलीला निघाली, त्या दिवशी मी लुगडं दिलं. तिने ते डोक्याला लावलं, "येती, बाईसाब," म्हणाली आणि दत्तूच्या मागून चालू लागली. मी वर येऊन तांदूळ निवडायला बसले. इतक्या वर्षांचं माणूस गेलं आणि मला काहीच वाटत नव्हतं. आताशा वाटतं, ते मी तिच्याकडूनच घेतलं असावं.

नंतर एका लग्नासाठी सांगलीला गेले तेव्हा तिच्या खोलीवर जाऊन आले. चहाचं आधण ठेवलं होतं, तोच वीज गेली. कुठेतरी तार तुटल्याचं कळून दत्तू आधीच तिकडे गेला होता; ती जोडायलाच वीज बंद केली असणार. थोड्या वेळाने मागच्या गल्लीतल्या एका घरातून इंजिनाचा आवाज यायला लागला. अक्काने स्टोव्ह विझवला, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडली. मी मागे गेले.

दार एका गृहस्थांनी उघडलं. कोण पाहिजे, असं त्यांनी त्रासून विचारलं.

"माजा ल्योक तारंवर हाय," ती म्हणाली. "तुमचा खटका बघू द्या."

ते बाजूला झाले. आत भिंतीवर चेंजओव्हर होता, दांडा खाली होता. अक्काने तो बघितला, हात जोडले आणि आम्ही परत आलो. वाटेत ती म्हणाली, "हितं मशीनवाली चारपाच घरं हाईत. ह्ये नवं हुतं, बाकीची वळखत्यात मला."

दिवेलागणीच्या सुमाराला वीज आली आणि पाठोपाठ दत्तू आला. उंच झाला होता, बापासारखा असावा. मला नमस्कार करून तो मोरीकडे गेला. अक्का तांब्या घेऊन त्याच्या मागे गेली. त्याने हात पुढे केले. ती पाणी घालायला लागली आणि दुसऱ्या हाताने त्याचा एक तळवा धरून उलटा केला, मग सुलटा, मग दुसरा. बोटं वेगळी करून बघितली. दत्तू भिंतीकडे बघत मुकाट्याने उभा होता. त्याला रोजची सवय असावी. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तांब्या रिकामा झाला तरी तिने ते सोडले नव्हते.