गाडी जरा लांबच लावा!

आमच्या धंद्यात किडे मरतात आणि किस्से वाढतात. औषध मारलं की झुरळं महिनाभर तोंड दाखवत नाहीत, पण किस्से मात्र कुठल्या फटीतून निघतील सांगता येत नाही! परवा आमच्या मराठी मंडळाची सहल होती. बस सुटल्यापासून मी बोलत होते ते जेवणाची पानं मांडली तरी चालूच. शेवटी कुणीतरी म्हणालं, "वहिनी, हे सगळं लिहून काढा, म्हणजे आम्हाला जेवता येईल!" घ्या, लिहिलं.

मी कोलकात्यातल्या भवानीपूरची. जन्म इथला, शाळा इथली, भांडण करायचं तर अजून बंगालीतच करते. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, मूळचा पुण्याचा. बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आला आणि माझ्या तावडीत सापडला. पुढे त्याची परत बदली निघाली तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिला हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. श्रीकांतने मला एका शब्दाने विचारलं नाही. राजीनामा देऊन घरी आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "पेस्ट कंट्रोल काढतो. या शहरात झुरळांना मरण नाही, म्हणजे आपल्यालाही नाही!"

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आजही त्याचे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानते.

पण त्याच्या मोठ्या भावाचा, आमच्या भाऊजींचा, पुण्याहून दम होता. "पुढच्या दुर्गापूजेपर्यंत बस्तान बसलं तर बसलं. नाहीतर इकडे कारखान्यात तुझी खुर्ची ठेवलीय, मुकाट्याने ये!" म्हणजे धंदा चालला नाही तर श्रीकांत पुण्यात आणि मी आईपाशी इथे. एवढं सगळं एका गाडीवर येऊन बसलं होतं. आणि गाडी कसली, तर सेकंडहँड व्हॅन!

*

ही व्हॅन पूर्वी एका बेकरीची होती. घाईघाईत रंगाचा एकच हात मारलेला. पावसाने किंवा थंडीतल्या दवाने गाडी ओली झाली की आतून 'ताजे केक' अशी इंग्रजी अक्षरं हळूहळू वर यायची!

इतर महिन्यांत ठीक होतं हो. पण डिसेंबर आला. कोलकात्यात बड्या दिनाला, म्हणजे नाताळला, केक खाल्ला नाही तर माणसाला घरात घेत नसावेत. सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक! सियालदह स्टेशनच्या गर्दीत तर एका आजोबांनी खिडकीच धरून ठेवली.

"फ्रूट केक आहे का?"

श्रीकांत प्रामाणिक. म्हणाला, "काका, यात झुरळाचं औषध आहे."

आजोबा भडकले. "द्यायचा नसेल तर नाही म्हणा! घाबरवता कशाला?"

*

बापीची ओळख करून द्यायची राहिली. बापी म्हणजे आमचा ड्रायव्हर, फवारणी करणाराही तोच, आणि गाडीचा सख्खा बाप असल्यासारखा वागणाराही तोच. गाडीला कुणी नाव ठेवलं की याला जेवण जात नाही.

एकदा सॉल्ट लेकच्या एका सोसायटीने बोलावलं. वाळवीचं मोठं काम होतं, सगळ्या इमारतीचं. व्हॅनचा मागचा दरवाजा तेव्हा सुतळीने बांधलेला असायचा आणि खाली पत्रा पार कुरतडल्यासारखा झालेला. सेक्रेटरी खाली आले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. मग वाकून पत्र्याकडे बघितलं.

"मिस्टर, तुमच्या गाडीलाच वाळवी लागलीय. आधी हिचं बघा, मग आमच्याकडे या!"

काम गेलं. परत येताना बापी सबंध वाटेत एकच वाक्य म्हणत होता, "लोखंडाला वाळवी लागत नाही. लागते का दादा? नाही लागत." श्रीकांत घरी आल्यावर म्हणाला, "अगं, लोक आपलं काम नंतर बघतात. आधी गाडी बघतात." त्याच रात्री ठरलं, गाडी रंगवायची. आणि नुसती रंगवायची नाही, चांगली लक्षात राहील अशी रंगवायची!

इथेच आमचं चुकलं.

*

बापीने पेंटर आणला. पंचूदा. एरवी पूजेच्या मांडवांची कामं करणारा कलावंत माणूस. त्याला सांगितलं, व्हॅनच्या दोन्ही बाजूंना एकेक झुरळ काढ. त्याने विचारलं, "जिवंत की मेलेलं?"

मी म्हटलं, "मेलेलं बरं. आपली जाहिरात आहे."

पंचूदाने मान हलवली. "बौदी," म्हणजे वहिनी, "मेलेल्यात भाव येत नाही."

भाव! मग त्याने जे काढलं ते काय सांगू! दरवाजाएवढं तपकिरी झुरळ, अंगावर चकाकी, पायांवरचे काटे वेगळे, मिशा थेट हेडलाइटपर्यंत. सगळं झालं, फक्त डोळे नाहीत. श्रीकांतने विचारलं तर पंचूदा म्हणाला, "डोळे उद्या. पहाटे अंघोळ करून येतो."

इकडे देवीच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, शुचिर्भूत होऊन काढायची रीत आहे. या पठ्ठ्याने झुरळाचंही चक्षुदान केलं! बापी शेजारी हात जोडून उभा. मी वरून गॅलरीतून बघत होते. हसू की नमस्कार करू, कळेना.

पण हात होता बुवा त्याच्या बोटांत! पहिल्याच दिवशी बाजारात एका बाईने त्या झुरळाला चप्पल फेकून मारली. नेम पण चुकला नाही.

*

जाहिरात झाली. फोन खणखणायला लागले. पण प्रत्येक फोनचा शेवट एकच, "हे बघा, गाडी मात्र जरा लांबच लावा हं!"

बरोबर आहे ना! एवढं मोठं झुरळ दारात उभं राहिलं की सगळ्या गल्लीला कळणार, यांच्याकडे झालीत! लोक म्हणायचे, पुढच्या चौकात लावा, देवळामागे लावा. एका प्रोफेसरांनी तर, "दुसऱ्या वॉर्डात लावता येईल का?" असं अगदी नम्रपणे विचारलं.

सगळ्यांत कडी केली कुलकर्णीवहिनींनी. नवऱ्याची बदली होऊन नुकत्याच आलेल्या, सरकारी क्वार्टर्समध्ये राहायच्या. घरात ढेकूण. फोनवर कुजबुजत म्हणाल्या, "भावजी, शेजारी सगळे ऑफिसर लोक आहेत हो. तुम्ही असं करा, नागपूरचे पाहुणे म्हणून या. बॅग घेऊन!"

गाडी लांब ठेवून श्रीकांत आणि बापी पंप सूटकेसमध्ये घालून गेले. मीही गेले, पाहुणे वाटायला नकोत? दारातच वहिनी ओरडल्या, "अय्या, या या! गाडी लेट होती का?" शेजारच्या मिसेस सेन लगेच चहा-बिस्किटं घेऊन हजर. तासभर मी त्यांना नागपूरच्या संत्र्यांबद्दल सांगत बसले. जन्मात नागपूर पाहिलेलं नाही मी! आतल्या खोलीतून फुस्स फुस्स आवाज येत होता, वास येत होता. वहिनींचा चेहरा पांढराफटक.

मिसेस सेन उठल्या. जाता जाता माझ्या कानाशी आल्या.

"तुमच्या मिस्टरांचं आत झालं, की नागपूरला जायच्या आधी आमच्याकडेही पाठवा. पलंग दोन आहेत."

*

एक छोटासा किस्सा. विश्वकर्मा पूजेला इथे सगळ्या गाड्यांची पूजा होते. आम्हा मराठी लोकांची दसऱ्याला. भांडण नको म्हणून आमची व्हॅन दोन्ही वेळेला नटते. त्या वर्षी बापीने विश्वकर्मा पूजेला गाडी घासूनपुसून लखलखीत केली, हार घातला, आणि झुरळाच्या कपाळावर बरोबर दोन डोळ्यांच्या मधोमध शेंदराचा टिळा लावला! मी म्हटलं, "अरे मेल्या, त्याला मारायचा धंदा ना आपला?"

बापी गंभीरपणे म्हणाला, "बौदी, पोट कुणामुळे भरतं?"

मीही हळदकुंकू वाहिलं.

*

आणि आता नोनीदांचा.

नोनीदा म्हणजे बाजाराच्या वाटेवर, चार गल्ल्या पलीकडे असलेल्या मिठाईच्या दुकानाचे मालक. आजोबांपासूनचं दुकान. त्यांचा संदेश खायला लोक बजबजहून लोकल पकडून येतात. छाना, म्हणजे संदेशाचं ते फोडलेल्या दुधाचं पनीर, तो रोज पहाटे दुकानात स्वतः करणार, ही त्यांची तीन पिढ्यांची ऐट.

पूजा तोंडावर आलेली. लोक बोलवत होते, पण एकेकदाच. कायमचं काम एकही नाही. भाऊजींचा फोन आठवड्याला एक, आणि श्रीकांतने पुण्याच्या गाड्यांची चौकशीही करून ठेवली होती. मला सांगितलं नव्हतं, पण मला कळायचं ते कळलं. तेवढ्यात एके दिवशी नोनीदा घरी आले. श्रीकांतला म्हणाले, "श्रीकांतबाबू, दर महिन्याला माझं दुकान, कारखाना, गोदाम, सगळं तुम्ही सांभाळा. माझ्या दोन्ही भावांची दुकानं पण. कायमचं. फक्त..."

"गाडी लांब लावू," श्रीकांत म्हणाला.

"ते झुरळ पण पुसा. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मिठाईचं दुकान आहे, नाव गेलं तर संपलं. वचन द्या."

श्रीकांतने वचन दिलं. पंचूदाची कला पांढऱ्या रंगाखाली गेली. बापीला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण श्रीकांतने भाऊजींना फोन करून सांगितलं, आम्ही इथेच राहतोय. मी आईला पेज भरवताना ही बातमी दिली. आईने नुसता माझा हात दाबला.

मग दर महिन्याला एक कोरी पांढरी व्हॅन सकाळी लवकर कोपऱ्यावर थांबायची. त्यातून दोन माणसं पांढरे कॅन उतरवायची आणि मागच्या दाराने दुकानात न्यायची. गल्लीला डोळे असतात हो! लोकांनी बघितलं, आणि लोकांनी त्यांना जमेल तसा अर्थ लावला.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी बाजाराची पिशवी घेऊन तिथेच होते. दुकानासमोर ही गर्दी! मधोमध श्रीकांत, हातात कॅन. आणि त्याच्यासमोर काठी रोवून चक्रवर्तीकाका. गल्लीतले सगळ्यात जुने गिऱ्हाईक, नोनीदांच्या वडिलांनाही अरे-तुरे करणारे.

"काय आहे त्या कॅनमध्ये?" काका गरजले.

श्रीकांत गप्प.

"मी सांगतो काय आहे! छाना आहे! बाहेरून येतोय! नोनीच्या दुकानात आता उपरा छाना! म्हणूनच मी म्हणतो, संदेश पूर्वीसारखा का लागत नाही!"

गर्दीत एकदम "छी छी" सुरू झालं. कुणी म्हणालं, म्हणूनच गाडीवर नाव नाही. कुणी श्रीकांतच्या शर्टाला हात घातला. "बोल ना! कुठल्या गोठ्यातलं आणतोस? पावडरचं आहे ना?" श्रीकांतचा चेहरा लालबुंद झालेला, पण तोंडातून अक्षर नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे सांग ना औषध आहे म्हणून! पण त्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. सांगितलं तर नोनीदांचं नाव जाणार. नाही सांगितलं तरी जाणार. आणि काम गेलं की आम्हीही गेलो. बापी गाडीतून उतरून धावत आला, त्यालाही श्रीकांतने हातानेच थांबवलं.

नोनीदा दारात उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा श्रीकांतच्या ओढलेल्या कॉलरकडे पाहिलं. पायऱ्या उतरले, त्याच्या हातातला कॅन घेतला, झाकण काढलं आणि काकांच्या पुढे धरला.

"हुंगा, काका!"

काकांनी लांबूनच हुंगलं आणि असे खोकले की चष्मा नाकावरून खाली आला.

"झुरळाचं औषध आहे हे," नोनीदा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या दुकानात दर महिन्याला मारतात. यांनी वचन दिलं होतं म्हणून हे बोलले नाहीत. मार खायला तयार झाले, पण बोलले नाहीत!"

मी पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होते. नोनीदांचा आवाज शेवटी कापला होता, ते मी ऐकलं.

काकांनी रुमालाने डोळे पुसले. चष्मा नीट बसवला. मोठा श्वास घेतला.

"औषध होय! मग असं सांग ना! मला वाटलं, छाना बाहेरून येतो!" त्यांनी काठी उचलली आणि गर्दीवरच फिरवली. "हटा, हटा! नोनी, माझे चार संदेश बांध."

"आधी यांना," नोनीदा म्हणाले. आत गेले, कोमट संदेश आणला. श्रीकांतच्या हातात फवारणीचे मोजे. म्हणून नोनीदांनी सगळ्यांच्या देखत तो संदेश स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातला. मग वळून बापीवर ओरडले, "आणि तू रे! गाडी कोपऱ्यावर काय ठेवलीस चोरासारखी? आण इकडे, दारात लाव!"

एवढीशी तर गल्ली. बापी कोपऱ्यापासून दुकानापर्यंत हॉर्न वाजवत आला.