साय धरणारं लाकूड: रेवदंडा, दिघी, बोर्ली

पौर्णिमेच्या सकाळी माझे धाकटे दीर कारखान्यात आले, पिपावर काठी आपटली आणि म्हणाले, "वहिनी, अमावस्येपर्यंत हे चाललं नाही तर मी फोडून टाकणार. तयार आम्ल पाण्यात घालून सिरका म्हणून विकू. कोणाला कळतंय?" कारखान्यात निम्मा वाटा त्यांचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुपारी मी ट्रंक भरायला घेतली.

कारखाना म्हणजे काय, तर गिरगावातल्या एका खोलीत पुरुषभर उंच लाकडी पीप आणि आम्ही दोघं नवरा-बायको. पिपात रंध्याचे कुरळे छिलके सैलसर भरलेले. वरून आंबवलेला उसाचा रस थेंब थेंब सोडायचा, खालच्या भोकांतून हवा आत येते. छिलक्यांवर जिवाणूंची बुळबुळीत साय धरते आणि तीच रसाचा सिरका करते. साय जोरात कामाला लागली की पीप बाहेरून ताप आल्यासारखं गरम लागतं. आमचं मात्र थंड पडत चाललं होतं. विलायती छिलके निम्मे कुजून खाली बसले होते, नवे यायचे बंद झाले होते. उरलेली साय जगवायला तासातासाला रस सोडावा लागे, म्हणून हे घरी राहिले आणि मी निघाले. नवं भरण मिळाल्याशिवाय परतायचं नाही, हे ठरलेलं.

बरोबर रुंद तोंडाच्या चार बरण्या घेतल्या. प्रत्येकीत थोडा सिरका आणि सायीचा एक तुकडा. मिळेल ते लाकूड त्यात अर्धं बुडवून ठेवायचं. दोन दिवसांत त्यावर साय चढली तर ते लाकूड आपलं. आगबोटीवर शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "काय हो, काय नासलंय?" मी म्हटलं, "आमचं नशीब!" त्यांनी वळकटी उचलली आणि पलीकडे गेल्या. मला पाय पसरायला ऐसपैस जागा झाली.

रेवदंड्याला आगबोट किनाऱ्याला लागत नाही, पडावात उतरावं लागतं. बायकांनी लुगडं आधीच वर खोचून घ्यावं. मी नाही घेतलं, गुडघ्यापर्यंत भिजले. खाणावळीत दोन आण्यांत तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पोटभर मिळते.

होड्या बांधणारे धाकू मेस्त्री खाडीच्या तोंडाशीच भेटले. मला चांगलं लाकूड हवंय म्हटल्यावर माणूस खुलला. "सागवान न्या बाय! शंभर वरसं पान्यात ऱ्हाऊ दे, कीड लागायची न्हाय, शेवाळ धरायचा न्हाय." त्यांनी निवडून निवडून छिलके दिले. दोन दिवसांनी पाहते तर बरणीतला सिरका काळपट आणि साय मरून तळाशी. मग त्यांनी त्याहून चांगला, ऐनाच्या लाकडाचा छिलका दिला. तोही तसाच. बिचारे माझ्यापेक्षा जास्त हळहळले.

बोर्ली पंचतनला एक अमीनाबी माडीचा सिरका करतात असं कळलं, म्हणून पुढे गेले. तरीतून खाडी ओलांडून मुरूडवरून आगरदांड्यापर्यंत छकडा, तिथून होडीने दिघी, पुन्हा छकडा. कंबरेखाली गवताची गादी मागून घ्या, लाजू नका. अमीनाबींनी मला पाटावर बसवून घावन खायला घातले आणि मातीची मडकी दाखवली. सिरका असा की डोळ्यांत पाणी यावं. पण मडक्यात भरण नसतंच. "ताई, सहा महिने सबर करायचा, बस." सबर माझ्या दिरांकडे कुठून आणू? अमीनाबींनी दिलेला नारळाचा काथ्या बरणीत घातला. दोन दिवसांत त्या बरणीतही सिरक्याचा चहा झाला, साय मेली.

दिघीला परतीच्या होडीची वाट बघत बसले, तेव्हा रडूच आलं, खोटं कशाला सांगू. शेजारी एक कोळीण शिंपल्याने जाळ्याचे लाकडी तरंगे खरवडत होती आणि तोंडाने शिव्या घालत होती.

"कोणाला एवढं बोलताय?" मी विचारलं.

"या मेल्या पांगाऱ्याला! चार दिस पान्यात ऱ्हायला का बुळबुळला. रोज खरवडा. हलका हाय म्हनून वापराचा, न्हाय तर चुलीतबी घातला नसता."

मी डोळे पुसले. आठवडाभर मी दर्यावरच्या माणसांकडे चांगलं लाकूड मागत होते, आणि त्यांचं चांगलं म्हणजे ज्यावर काही धरत नाही ते! तिने कोरा पांगाऱ्याचा तुकडा फुकट दिला, वर हसली. तो बरणीत घालून बरणी मांडीवर घेऊनच मी रेवदंडा गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पातळ, दुधी साय चढली होती. खाणावळवाल्याला हाक मारून दाखवली. तो म्हणाला, "बुरशी आलीय, फेका." मी त्याला चहा पाजला.

धाकू मेस्त्रींना पांगाऱ्याचे दोन गोणी छिलके काढून मागितले, तेव्हा त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. "पांगाऱ्यावर रंधा? बाय, गाव हसंल मना!" मी हात जोडले. शेवटी शेडच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून त्यांनी दिवसभर रंधा ओढला. मजुरी नीट घेतली, पण कोणाला सांगू नका म्हणाले. म्हणून मी हे लिहून सगळ्यांना सांगते आहे.

घरी आल्यावर छिलके सिरक्यात भिजवले, जुन्या जिवंत छिलक्यांत मिसळून पीप भरलं. पांगारा मऊ आहे, वर्षाकाठी बदलावा लागेल. लागू दे. वर्षाला एकदा रेवदंड्याला जायला मला काय झालंय? पण पहिले चार दिवस पीप थंडच होतं. हे रस सोडत, मी हात लावून बघे.

अमावस्येला भाऊजी कुऱ्हाड घेऊनच आले. मी बाजूला झाले. म्हटलं, "फोडा. पण आधी हात लावा."

त्यांनी तळवा पिपावर ठेवला, चटकन उचलला, मग पुन्हा ठेवला. कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "याला ताप आलाय की हो."

मग मात्र मी मोठ्याने रडले.