नागसेनच्या नावापुढे पत्रावळ्या

मेनू ठरवायचं काम आमच्या ग्रुपमध्ये माझ्याकडे असतं. मला ते कोणी दिलेलं नाही, मीच ओढून घेतलंय. चार माणसं जमली की कोणी काय आणायचं ते मी सांगणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा माझा खाक्या. कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर, घरात थोरला, त्यामुळे हुकूम सोडायची सवय अंगात मुरलेली. पण सांगायचंय ते नागसेनबद्दल.

नागसेन माझ्याच खात्यात फिटर आहे. परभणीकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून आला. दापोडीला रेल्वे लाइनच्या कडेला एका खोलीत तिघं राहायचे, त्यातला हा एक. चाकणला लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आता छत्तिशी गाठलीय. त्याचा कान विलक्षण आहे. शेडच्या दारातूनच कॉम्प्रेसर ऐकायचा आणि सांगायचा, "मागचं बेअरिंग गेलंय राव, आठ दिवस काढेल." आम्ही हसायचो आणि सातव्या दिवशी लाइन बंद पडायची. हा कान त्याला वडिलांकडून मिळाला. ते दिवसा दुसऱ्यांच्या रानात राबायचे आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर गावोगाव पेटी वाजवत फिरायचे. एकदा पेटीचा भाता फाटला तर दोन दिवस घरात कोणी धड बोललं नव्हतं, असं तो सांगतो.

आम्हाला गाण्याचा नाद लावला तो त्यानेच. प्राधिकरणातल्या एका मैदानावर दर जानेवारीत उघड्यावर मैफल होते. दुपारी चारला सुरू. सतरंज्या अंथरायच्या, घरचे डबे उघडायचे, खात खात ऐकायचं. पहिल्या वर्षी पास त्यानेच आणले. "तीन तास काय ते आऽऽ ऐकत बसायचं?" अशी कुरकुर करत मी गेलो आणि शेवटपर्यंत जागचा उठलो नाही. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही चौघं, म्हणजे मी, नागसेन, सिद्धेश आणि जयदीप, बायकापोरांसकट जातो.

आणि अकरा वर्षं यादी मी करतो. सिद्धेश कोकणातला, त्याच्याकडून घावणे आणि खोबऱ्याची चटणी. जयदीपकडून मसालेभात. आमच्याकडून मटकीची उसळ आणि संक्रांतीचे दिवस म्हणून गुळाच्या पोळ्या. नागसेनच्या नावापुढे पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे जार.

पहिल्या वर्षी तो सडाफटिंग होता, तेव्हा ते ठीकच होतं. मग त्याचं लग्न झालं, प्राजक्ता आली, खोलीचं घर झालं, मुलगी झाली. यादी मात्र तीच राहिली. नागसेनने ते कामही जीव लावून केलं. पत्रावळ्या एकेक तपासून, पुसून आणायचा. जारला स्वतः नळ बसवलेला, थेंबभर गळायचा नाही. आणि उठताना सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळ्या गोळा करून पिशवीत भरायचा. हे लिहितानाही मला लाज वाटते. तो आमचं उष्टं उचलत असायचा आणि मी कौतुकाने म्हणायचो, "नागसेन असला की टेन्शन नाही."

कारण सरळ सांगतो. आम्ही निघोज्याचे मराठे, नागसेन बौद्ध. कॅन्टीनला आम्ही एका टेबलावर जेवतो, एका बाटलीतलं पाणी पितो. त्याच्या गळ्यात हात टाकून काढलेले माझे फोटो आहेत आणि ते मी मोठ्या हौसेने सगळ्यांना दाखवतो. पण त्याच्या घरचा घास माझ्या पोटात कधी गेला नव्हता. त्याने तीनदा जेवायला बोलावलं, तिन्ही वेळा मला ओव्हरटाइम लागला. सिद्धेश आणि जयदीपने कधी विचारलं नाही, कारण त्यांनाही ते सोयीचंच होतं.

यंदा मी सोमवारी यादी टाकली. दहा मिनिटांत प्राजक्ताचा मेसेज आला. "भाऊजी, या वेळी धपाटे आमच्याकडून. तीस करते. सोबत शेंगदाण्याची चटणी."

 मी लिहिलं, "वहिनी, कशाला त्रास घेता? मेनू फुल झालाय. पत्रावळ्या तेवढ्या विसरू नका." पुढे हसरा चेहराही टाकला. 

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत नागसेनने विचारलं, "दर वर्षी तुझ्या आईमुळेच ना? यंदा तर त्या स्वतः येणारेत."

मी लगेच ती फांदी पकडली. "हो ना राव. जुनं माणूस आहे, पाळते अजून. माझं काय, मला काही नाही."

"असू दे," तो म्हणाला. "या वयात त्यांना कुठं बदलायला सांगतोस." वर माझ्याच खांद्यावर थोपटून गेला. मला हायसं वाटलं. खोटं इतकं सहज खपलं की ते खोटं आहे हेही मी संध्याकाळपर्यंत विसरलो.

रविवारी आईला, म्हणजे शालनबाईंना, मैदानावर खुर्ची टाकून बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला खाली बसता येत नाही. सहाच्या सुमाराला डबे उघडले. नागसेनने पत्रावळ्या मांडल्या, पाणी ओतलं. मी वाढायला सांगत होतो, नेहमीसारखा, अमक्याला भात, तमक्याला उसळ.

प्राजक्ता जरा बाजूला, आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने पिशवीतून छोटा डबा काढला आणि मुलीला, उत्कर्षाला, भरवायला लागली. आईची नजर अजून तीक्ष्ण आहे.

"काय गं त्या डब्यात? धपाटं हाय का?"

"हो आजी. हिला दुसरं काही जात नाही, म्हणून तिच्यापुरते आणलेत."

"मला दे की एक. ह्या गुळाच्या पोळ्या मला न्हाई चावत."

प्राजक्ताचा हात डब्यातच थांबला. तिने नागसेनकडे बघितलं. नागसेनने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तरी मी गप्प बसायचं होतं. पण नाही, मी म्हणालो, "अगं आई, तुला चालेल का ते?"

"न चालाया काय झालं?"

"नाही, म्हणजे तू पाळतेस ना."

आई माझ्याकडे वळली. "पाळत व्हते की. खोटं कशाला बोलू? सासूच्या धाकानं पाळलं, मंग सवयीनं पाळलं. कवाच सोडलं ते. चार वरसांमागं दवाखान्यात मला धरून उठवायची, न्हाऊ घालायची, ती बाई कोण व्हती? तुमच्यातलीच व्हती गं पोरी. तिच्याच डब्यातलं खाल्लं म्या रोज. आन् तू व्हतास की रं तिथं. तुझ्याम्होरं खाल्लं!"

होतो मी तिथे. मला आठवत होतं. त्या बाईने माझ्यापुढेही भाकरी धरली होती आणि मी फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो होतो.

आईने धपाटा मोडला, तोंडात टाकला. "मेथी घातली व्हय?"

"हो आजी."

"ग्वाड झालंय. आणीक दे."

प्राजक्ता उठून तिच्या खुर्चीशी आली आणि डबाच तिच्या मांडीवर ठेवला. सिद्धेश आणि जयदीप आपापल्या पत्रावळीत बघून जेवत होते.  काहीतरी करून हा प्रसंग मिटवावा म्हणून मी हात पुढे केला आणि हसत म्हणालो, "वहिनी, मलाही द्या एक."

"संपले, भाऊजी," ती म्हणाली. आईच्या मांडीवरच्या डब्यात दोन शिल्लक होते. ते तिला दिसत होते, मलाही दिसत होते.

जेवणं झाली. त्या दिवशी उष्ट्या पत्रावळ्या गोळा करायला मी उठलो. नागसेनने अडवलं नाही, मदतही केली नाही. मी हात धुऊन परत आलो तेव्हा समोर नवा राग सुरू झाला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.  स्टेजवरची नजर न काढता तो, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"लग्न झाल्यापासून प्राजक्ता मला सांगतेय, म्हातारीचं काही नाही, हे तुमच्या मित्राचंच आहे. मी दर वर्षी तिच्याशी भांडायचो. तुझी बाजू घेऊन. आणि मनातल्या मनात शिव्या घालायचो त्या तुझ्या आईला."

"नागसेन, ऐक ना..."

"गाणं ऐकू दे," तो म्हणाला, आणि उठून आईच्या खुर्चीपाशी खाली जाऊन बसला.