लालवेशीच्या हौद्यात बूट

वर्षा मॅडमनी व्हिडिओ मध्येच थांबवला. स्क्रीनवर कुणीतरी अनोळखी मुलगा आमचा गेम खेळत होता आणि त्याचं पात्र माझ्या हौद्यात बेडकासारखं उड्या मारत होतं.

"हे बघा," मॅडम पुण्याहून कॉलवर म्हणाल्या, "शहर सुंदर आहे, वादच नाही. पण कुणी थांबतंय का तिथं? पळत येतात, उड्या मारतात, पळत पुढं जातात. मग एवढं शहर ठेवायचं कशाला?"

आमचे बॉस अजित सर माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघितलं.

माझं काम वर्ल्ड डिझायनरचं. लोकांना वाटतं गेम बनवणारे दिवसभर गेम खेळतात. माझ्या आईला अजूनही तसंच वाटतं. प्रत्यक्षात मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून, जगात कुठंच नसलेल्या गावात पाणी कुठून येतं, लोक कशावरून भांडतात आणि कचरा कुठं टाकतात, हे ठरवत असते. चित्रं आर्टिस्ट काढतात. ती हलवायचं काम प्रोग्रामर करतात. गावाची रीत माझ्याकडे.

मॅडम ज्याला शहर म्हणत होत्या त्या गावाचं नाव लालवेस. तिथं राजा नाही, कोर्ट नाही. दोन घरांत भांडण झालं की प्रत्येक घरातला एकेक जण गावाच्या मधोमध असलेल्या हौद्यात उतरतो आणि कुस्तीत निकाल लागतो. हौदा म्हणजे तालमीतली लाल मातीची जागा. आमच्या कोल्हापुरात पेठोपेठी तालमी आहेत, त्यांची माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. लालवेशीत ह्या मातीला आई मानतात. खेळणारा हा बाहेरगावचा पाहुणा. त्याला गावात राहायचं तर आधी त्या मातीत उतरावं लागतं.

ह्या मातीत तो पोरगा उड्या मारत होता.

वर्षा मॅडम पब्लिशरकडच्या. पब्लिशर म्हणजे गेममध्ये पैसा घालणारी आणि तो विकणारी कंपनी. त्यांच्या मनात आलं तर गेम बाजारात जातो, नाहीतर तो आमच्याच कॉम्प्युटरवर एक फोल्डर होऊन पडतो. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, पुढच्या रिव्ह्यूला मी स्वतः कोल्हापूरला येईन आणि खेळेन. पटलं नाही तर शहर कापायचं, खेळणाऱ्याला सरळ कुस्तीत उतरवायचं.

गेम राहिला असता. पगारही राहिला असता. माझी लालवेस तेवढी गेली असती.

मग आम्ही जे सगळेच करतात ते केलं. सामान वाढवलं. पताका लावल्या, रांजण ठेवले, कोंबड्या सोडल्या. एनपीसी वाढवले. एनपीसी म्हणजे गेममधली ती माणसं, ज्यांना कुणी खेळत नाही, कॉम्प्युटरच चालवतो. बाजारात इतकी गर्दी केली की आमची मशीन गरम व्हायला लागली. टेस्ट करणारे "भारी दिसतंय" म्हणाले आणि पुन्हा हौद्यात उड्या मारायला गेले. एकानं तर सगळ्या कोंबड्या हाकलून हौद्यात जमा केल्या आणि तो फार खूश झाला.

अजित सर म्हणाले, "हौद्याजवळ स्पीड कमी करून टाकूया. आपोआप सावकाश चालतील."

"सर, त्यांना वाटेल गेम हँग झाला."

"मग बोर्ड लावूया, ही पवित्र जागा आहे म्हणून."

बोर्ड वाचून कोल्हापुरात कोण काय करायचं थांबलंय, ते मला एकदा बघायचं आहे.

अशात एक दिवस समीरचे चाचा ऑफिसात आले. समीर मुजावर आमचा प्रोग्रामर, मंगळवार पेठेतला. घरात लग्न होतं आणि त्याला खरेदीला ओढून न्यायला दस्तगीर चाचा स्वतः आले होते. चाचा तरुणपणी गाजलेले पैलवान. आता गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. कान मोडलेले, मान आणि खांदा यांच्यामध्ये फारशी जागा नाही, आवाज असा की खालच्या दुकानातली भांडी वाजावीत.

"काय रं, हेच तुझं काम व्हय? आणि ह्याला पगार देत्यात?"

"चाचा, पाच मिनिटं बसा की. एवढं बंद करतो आणि निघू."

चाचा बसणारे नव्हते. आम्हाला तर गेम आधी न पाहिलेला माणूस हवाच होता. मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. त्या पंजात तो काडेपेटीएवढा दिसत होता.

चाचा लालवेशीत शिरले. पहिल्या भिंतीला धडकले. दुसऱ्या भिंतीला धडकले. बाजारात एका पाणी नेणाऱ्या बाईला जाऊन आदळले आणि वर तिलाच ओरडले, "अगं ए बाई, सरक की बाजूला!" आम्ही हसत होतो. ते गल्लीबोळातून पळत, शिव्या देत, मजा घेत हौद्यापर्यंत आले.

आणि काठावर थांबले.

बराच वेळ काही हललं नाही. समीर पुढं झाला. "काय झालं चाचा? अडकलं काय?"

चाचा कंट्रोलर उलटसुलट करून बघत होते. "पायताण काढायचं बटन कुठलं?"

"काय?"

"पायताण रं. ह्या गड्याच्या पायात बूट हायत. ते काढायचं बटन कुठलं?"

"बटन न्हाय चाचा. तसंच उतरायचं."

"तसंच? बूट घालून? मातीत?"

"गेम हाय चाचा."

"आसंल गेम. माती हाय का न्हाय?"

चाचांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. "मी न्हाय उतरत. तुला लाज वाटत नसंल तर तू उतर. चल, दुकानं बंद हुतील."

दोघं जिना उतरून गेले. मी खुर्चीतच बसून राहिले. ती माती म्हणजे आमच्या आर्टिस्टनं आणि मी भांडून निवडलेले चार लाल रंग होते. तिला वास नव्हता, ओल नव्हती. हे सगळं खोटं आहे, हे चाचांना चांगलं ठाऊक होतं. आताच ते भिंतींना टकरा देत हसत होते. तरी त्या रंगापाशी त्यांचा पाय थांबला. मी इतकी वर्षं हे काम करते, पण आपण काय करतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी समीरला पकडलं. "तू रोज तालमीत जातोस. तुला हे आठवलं नाही?"

"मॅडम, ही काय सांगायची गोष्ट हाय का? पायताण बाहेरच राहतंय. त्यात इचार कुठं करतोय कोण?"

त्याचं बरोबर होतं. मी तालमींचे ढीगभर फोटो काढले होते, पण सगळे दारातून. आत जायची वेळच आली नव्हती, मग चप्पल काढायचीही आली नाही. ज्यांना रीत माहीत होती त्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली होती की कुणी ती गेममध्ये घातलीच नाही. पुण्यात किंवा बंगळुरात ही चूक झाली नसती. तिथल्यांनी रीत विचारून घेतली असती.

अजित सरांना सांगितलं तर ते वैतागले. "रिव्ह्यू तोंडावर आलाय आणि तुम्ही बूट काढायचं बटन करत बसणार?"

"सर, चाचा थांबले ना पण."

"चाचा पैलवान आहेत. वर्षा मॅडम पैलवान आहेत काय? ब्राझीलमध्ये बसून खेळणाऱ्या पोराला तालीम म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

ते खरंच होतं. पण एक नक्की होतं, बोर्ड लावायचा नाही. जे काही सांगायचं ते गावानं सांगायचं.

समीरनं बटन केलं. बूट काढले की पावलांचा आवाज बदलायचा. मग प्रश्न आला, काढलेले बूट ठेवायचे कुठं? हौद्याबाहेर एक लांब फळी केली. फळी आली म्हणजे तिच्यावर गावकऱ्यांचीही पायताणं आली. गावकरी अनवाणी उतरणार म्हणजे त्यांचे तळवे लाल होणार. लाल पायांनी ते घरी जाणार, म्हणजे रस्त्यावर लाल पावलं उमटणार. उंबऱ्यावरही. मग कुठल्या घरात पैलवान आहे ते उंबऱ्यावरून कळायला लागलं. आर्टिस्टनं कुणी न सांगता एक बाई काढली, ती अंगण झाडते पण उंबऱ्यावरचा तो लाल डाग तेवढा पुसत नाही. मी ते बघत राहिले. हे कुणी ठरवलं नव्हतं. एक रीत आत आली आणि तिच्यामागून गाव आपलं आपण चालत आलं. असं काही बघायला मिळावं म्हणून माणसं ह्या धंद्यात येतात आणि बहुतेकांना ते मिळत नाही.

राहिला प्रश्न बूट घालून उतरणाऱ्याचा. त्याचे पॉइंट कापायचे नाहीत, त्याला कुणी मारायचं नाही. फक्त हौद्यापाशी वाजणारी हलगी थांबेल. सगळे त्याच्याकडे बघतील. आणि तालमीचा म्हातारा वस्ताद खोरं घेऊन येईल, बूट उमटले तिथली माती खाली मान घालून उकरून परत सारखी करेल. बस्स.

वर्षा मॅडम आल्या. प्लेटेस्टचा, म्हणजे गेम खेळून तपासण्याचा, नियम असा की बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

त्या पळत बाजारातून गेल्या. फळीकडे बघितलंही नाही. बुटांसकट धाडकन हौद्यात उतरल्या. संपलं, मी मनात म्हटलं.

हलगी थांबली. मॅडमनी एक उडी मारली. कुणी काही बोललं नाही. वस्ताद आला आणि माती उकरायला लागला.

"हे बोलत का नाहीत?" मॅडम म्हणाल्या. "मी काय केलं?"

अजित सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

मॅडम हौद्यातून बाहेर आल्या. आता त्या पळत नव्हत्या. कॅमेरा गर्दीवरून फिरवला, चेहऱ्यांवरून खाली आणला आणि पायांपाशी थांबवला. मग फळी दिसली. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. बटन त्यांचं त्यांनीच शोधलं. बूट फळीवर ठेवले आणि काठावर येऊन उभ्या राहिल्या. वाट मोकळी होती, पण आत जाईनात.

"जाऊ का आता?" त्यांनी विचारलं. आम्हाला नव्हे. स्क्रीनवरच्या वस्तादाला.

तो बाजूला झाला. हलगी सुरू झाली. मॅडम अनवाणी मातीत उतरल्या.

शहर राहिलं. कापायचा विषय पुन्हा निघाला नाही. गेम बाजारात आल्यावर कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका मुलीनं ऑनलाइन लिहिलं, की मी बूट घालून त्या मातीत गेले होते. नंतर बरंच पुढं जाऊन अर्धा गेम जिंकला, पण त्या म्हाताऱ्यासमोर परत जायची हिंमत होईना. म्हणून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

आता नवीन डिझायनर आले की मी त्यांना घरं, झाडं, नकाशे बाजूला ठेवायला लावते. आधी सांगा म्हणते, तुमच्या गावात पाहुण्याला कशाची लाज वाटेल? बहुतेकांना उत्तर येत नाही. उत्तर सापडेपर्यंत त्यांना मशीन सुरू करू देत नाही.