अंधार घरचा, उजेड संस्थेचा

तासगावातल्या त्या उपक्रमाचं पूर्ण नाव एका दमात घेता येत नसे. त्यात किशोरवय होतं, मार्गदर्शन होतं, सर्वांगीण होतं आणि शेवटी समृद्धीही होती. मी तिथं सहायक होतो. म्हणजे मार्गदर्शक दर रविवारी सांगलीहून येत, ध्येय कसं ठेवावं ते मुलांना सांगत आणि जेवणाआधी परत जात. उरलेला आठवडा मुलं माझ्याकडे. गणित शिकवणं, पुस्तकं देणं, केळी वाटणं आणि न आलेल्यांच्या घरी जाणं, एवढी समृद्धी माझ्या वाट्याची.

त्या वर्षी नववीतल्या एका मुलीची साताऱ्यातल्या निवासी विज्ञान शिबिरासाठी निवड झाली. शिबिर महिनाभराचं. आमच्यातल्या कुणाची निवड पहिल्यांदाच झाली होती. तिचं घर मूळचं पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, मेंढरांमागं फिरणारं. मेंढरं आता चुलत्याकडे होती आणि हंगामात आईबाप तासगावजवळच्या बेदाणा शेडवर कामाला येत. परवानगीसाठी मी शेडवर खेपा घातल्या. गंधकाच्या वासानं माझे डोळे चुरचुरत, आणि तिचे वडील जाळीवरचे बेदाणे हलवत माझ्याकडे न बघता ऐकत. शेवटी म्हणाले, "रविवारी तुमचा कार्यक्रम हाय न्हवं? मी येतो. मान्सं बघतो. मग सांगतो."

"आणि माणसं नाही पटली तर?"

"तर पोरगी आईसंगं बेदाणं निवडाय बसंल. त्यात काय?"

'त्यात काय' त्यांनी इतक्या सहज म्हटलं की परत येताना मी नेहमीचं वळण चुकलो.

तो कार्यक्रम म्हणजे आमचा वार्षिक सोहळा. प्रमुख पाहुणे साताऱ्याचे, शिबिर चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. सोहळ्यात आमच्याकडे एक पद्धत होती. एक मूल उभं राहून 'माझा प्रवास' सांगे. मजकूर समन्वयक मॅडम लिहीत. मुलं बदलत, प्रवासाचा रस्ता तोच राही. आधी अंधार, मग उजेड. अंधार घरचा असे, उजेड संस्थेचा. ऐकून पाहुणे चष्मा काढून पुसत, आणि चष्मा पुसलेला पाहुणा संस्थेला विसरत नाही, हे मॅडमना अनुभवानं ठाऊक होतं.

यंदा प्रवास याच मुलीचा होता. त्यात वाक्यं होती : माझे वडील अडाणी. मुलीनं शिकून काय करायचं, असं ते म्हणत. आमच्या घरात पुस्तकाला किंमत नव्हती.

मी मॅडमना गाठलं. तिचे वडील समोर बसणार आहेत, त्यांचा होकार अजून आलेला नाही, हे सांगितलं.

"उलट बरंच की," मॅडम म्हणाल्या. "परिवर्तन पाहुण्यांना प्रत्यक्ष दिसेल."

"परिवर्तन अजून झालेलं नाही, मॅडम. ते उद्या व्हायचंय."

"तुम्ही ना, फार नकारात्मक बोलता."

मग रविवारी सकाळी मुलीला बाजूला घेतलं. वडिलांबद्दलची वाक्यं गाळ, म्हटलं.

"न्हाई जमायचं, सर. पाठ केलंय. मधलं गाळलं की पुढचं सगळं जातंय."

"मग बघून वाच."

"मॅडम म्हणाल्या, हातात कागद दिसला तर मनातलं वाटत न्हाई."

तेवढ्यात वडील आलेच. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला पटका. शेवटच्या रांगेत दाराशी बसले, मनात आलं की उठून जाता येईल अशा जागी.

मंचावर एक खुर्ची रिकामी होती. एक मार्गदर्शक आले नव्हते, त्यांची शाल आणि नारळ माझ्या तबकात पडून होते. सूत्रसंचालन करणारे शिक्षक चिठ्ठीवर येईल ते भावपूर्ण वाचत. मी चिठ्ठी सरकवली : पालक प्रतिनिधींचा सत्कार. शाल-नारळांना मी जन्मभर हसत आलो, पण त्या घडीला मला दुसरं काही सुचलं नाही. शाल पांघरलेल्या माणसाला त्याच मंचावर अडाणी म्हणवणं मॅडमनाही जड जाईल आणि त्या भाषण रद्द करतील, असा माझा अंदाज.

वडील मंचावर गेले. शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली न उतरता पाहुण्यांशेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. भाषण मात्र रद्द केलं नाही.

मुलगी माइकपाशी आली. नमस्कार, प्रास्ताविक, सगळं घडाघडा झालं. मग ती म्हणाली, "माझे वडील..." आणि थांबली. मागं वळून पाहिलं.  मी हातातलं तबक खाली ठेवलं.

"माझे वडील..."

"अडाणी," मागून वडील म्हणाले. त्यांना माइक लागला नाही. माळावर मेंढरं हाकलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "म्हण की पुढं. आठवडाभर शेडवर त्येच घोकतीयास, अन् हितंच अडाकलीस व्हय?"

सभागृह हसलं. मुलगी हसली नाही. तिनं उरलेलं भाषण पळत सुटल्यासारखं संपवलं. पाहुण्यांनी चष्मा काढला. म्हणजे वडिलांना सगळं आधीच ठाऊक होतं आणि माझी चिठ्ठी फुकट गेली होती. मी श्वास सोडला, तो जरा लवकरच.

वडिलांनी खुर्ची पाहुण्यांकडे वळवली. "सायेब, एक इचारू? शिबिरात पोरी झोपत्यात कुटं?"

"व्यवस्था उत्तम आहे. अद्ययावत."

"व्हय, पर कुटं? अन् रातच्याला त्यांच्यापाशी बाईमानूस कोन आस्तं?"

पाहुण्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. मला शिबिराच्या पत्रकावरच्या फोटोतलं कारंजं तेवढं माहीत होतं.

"ते सगळं नियोजन समिती बघते," पाहुणे म्हणाले.

"समिती झोपती का तितं?"

आता कुणी हसलं नाही. सूत्रसंचालकांनी घाईनं आभार सुरू केले. वडिलांनी मांडीवरचा नारळ टेबलावर ठेवला आणि शाल सावरली. ते उठणार होते. मंचाच्या कडेला मुलगी माइकची वायर बोटाला गुंडाळत उभी होती. मी पाहुण्यांच्या कानाशी वाकलो.

"साहेब, फोन लावा. आत्ता."

सहायकानं प्रमुख पाहुण्यांशी असं बोलायचं नसतं. पण त्यांनी लावला. या माणसाकडून त्या माणसाकडे करत अखेर शिबिराच्या अधीक्षक बाई सापडल्या आणि फोन वडिलांच्या हातात गेला. एका कानात बोट घालून ते मंचावरून ओरडायला लागले. "बाई, तुमी सोता तितंच ऱ्हाता? ... अन् पोरी शेजारच्या खोलीत? ... दाराला आतनं कडी हाय का?" इकडे आभार मंडपवाल्यांपर्यंत पोचून थांबले, कारण कुणीच ऐकत नव्हतं. सगळे दाराच्या कडीची वाट बघत होते.

वडिलांनी फोन परत दिला. "बाई आमच्याकडलीच हाय. बोलन्यावरनं कळतंय."

"मग पाठवताय?" मी विचारलं.

"मी सोता न्हिऊन सोडनार. कडी बघनार. आठ दिस ऱ्हाऊ दे. न्हाई पटलं तर परत आननार, अन् मग तुमी शेडवर यायचं न्हाई."

"नाही येणार."

"आबा," मुलगी पुढं आली, "आठ दिस न्हाई. म्हैना हाय त्यो."

"आठ म्हनलो न्हवं?"

"आठ दिसात काय शिकिवत्यात? प्रयोगाचं बियानं तर उगवाय पायजे."

"मग दहा."

"आबा, आवं, दहा दिसात कुटला प्रयोग हुतोय?"

मॅडम मला काहीतरी विचारत होत्या, बहुधा चिठ्ठीबद्दल. मी आवरायच्या खुर्च्या तशाच टाकून दारापाशी गेलो. शाल खांद्यावर टाकून वडील पुढं, त्यांच्या मागून ती, दोघंही मोठ्यानं. फाटकापर्यंत ते पंधरा दिवसांवर आले होते.