नीलाताईंची खात्री

फाशीचा विषय निघाला की लोक नीलाताईंकडे बघून एकदम गप्प होत. मग त्याच म्हणायच्या, "बोला की. थांबलात कशाला?" आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या आमच्या मराठी घरांत त्यांना जेवायला बोलावताना यजमान जरा धास्तावलेलेच असत.

त्या मूळच्या नागपूरच्या. इथे फार्मसिस्ट होत्या आणि माझ्या शेजारी राहायच्या. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी, सई, दुसऱ्या शहरात शिकत असताना तिचा राहत्या घरात खून झाला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. हे मी इथे येण्याआधीचं. पहिल्याच आठवड्यात कपडे वाळत घालता घालता ताईंनी मला सगळं सांगून टाकलं. "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

खोटं सांत्वन त्यांना चालत नसे. सई आता सुखात असेल, असं कुणी म्हणालं की विचारायच्या, "तुम्ही पाहून आलात?"

एका उन्हाळ्यात एका लहान मुलीच्या खुनाची बातमी देशभर गाजली आणि इथे कधीच बंद झालेली फाशी परत आणा, अशी मागणी सुरू झाली. आमच्या भागातही कम्युनिटी हॉलमध्ये सभा ठरली. आयोजकांत आमच्यातलाच, आयटीतला रोहित होता. तो ताईंकडे आला.

"काकू, तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. तुमच्याइतका हक्क कुणालाच नाही."

"येते," ताई म्हणाल्या. "पण काय बोलणार ते विचारू नकोस."

मी ताईंबरोबर गेले. हॉल भरला होता. काही लोक भिंतीला टेकून उभे होते. ताई इंग्रजीत बोलल्या, आवाज न चढवता.

"माझ्या मुलीला मारणारा मेला तर मला बरं वाटेल. रोज वाटतं."

टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत ताई उभ्या राहिल्या.

"पण पोलिसांनी आधी धरला तो हा नव्हता. तो सईच्याच घरात भाड्याने राहणारा मुलगा, टॉम. त्याच्या शर्टावर तिचं रक्त होतं. कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याच्या काचेपलीकडे तो रडत होता, तर त्या रडण्यातही मला गुन्हाच दिसला. तेव्हा कुणी हातात दोर दिला असता तर मी ओढला असता. ते रक्त तिला वाचवताना लागलं होतं, हे खरा खुनी सापडल्यावर कळलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता डीएनए आहे, कॅमेरे आहेत. अशी चूक होणार नाही."

"रक्त तिचंच होतं," ताई म्हणाल्या. "तपासणी बरोबर होती. खात्री माझी चुकली."

टाळ्या नव्हत्या. रोहित खाली बघत होता. आम्ही दाराकडे निघालो तर एक धिप्पाड माणूस आडवा आला. "तुम्ही तुमच्या मुलीला दगा दिलात," तो म्हणाला. मी ताईंचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?" त्यानं होकारार्थी मान हलवली. "मग घरी जा. ती वाट बघत असेल." तो बाजूला झाला.

गाडीत मात्र त्यांना सीटबेल्ट लावता येईना. मी लावून दिला.

"मला संत समजू नकोस," त्या म्हणाल्या. "सईला मारणारा तिथे तुरुंगात जेवतो, झोपतो, हे आठवलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

पुढच्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, मी रोज ऑफिसनंतर जायचे. एका संध्याकाळी त्यांच्या उशाशी चाळिशीचा एक माणूस बसला होता. तो टॉम होता. खूप वर्षांपूर्वी ताई त्याची माफी मागायला गेल्या, तेव्हा त्यानं तोंडावर दार लावलं होतं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा उघडं ठेवलं. आता तो त्यांना चमच्याने पाणी पाजत होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या गेल्या. टॉम आला होता त्या संध्याकाळी, तो निघाल्यावर, मी न राहवून विचारलं होतं, "ताई, ज्यानं सईला मारलं त्याला माफ केलंत का?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग टॉम गेला त्या दाराकडे बघत राहिल्या.

"पण हा जिवंत आहे ना."